गालावरचा व्रण

लेकीने पेन्सिलीला टोक काढलं आणि त्या लाकडी वासाने मी चामराजपेटेतल्या आमच्या फोटो स्टुडिओत पोचले. अण्णा, माझे वडील, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून लग्नाच्या मुलींच्या चेहऱ्यावरचे डाग भरून काढत. त्या दिवशी समोर माझीच निगेटिव्ह होती, गालावर भाजल्याचा व्रण असलेली.

"अण्णा, तो राहू द्या."

"स्वल्पच भरतो. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना!"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तेव्हा वाटलं, त्यांना माझी लाज वाटते. आज कळतं, ते लोकांच्या नजरेला भीत होते, आणि ती नजर त्यांच्याच पेन्सिलीने घडवली होती.

इतक्यात लेकीने मोबाइलवर माझा फोटो काढला. गाल आपोआप गुळगुळीत!

"तो फिल्टर बंद कर आणि पुन्हा काढ," मी म्हटलं आणि व्रणाचा गाल उजेडाकडे वळवला.