ढोलावरचं झाकण

माझी आत्या शब्दकोशावरसुद्धा विश्वास ठेवायची नाही. ती यंत्रांच्या कारखान्यात फ्रेंच पत्रांचं भाषांतर करायची. फ्रेंच माणूस चिडला की सरळ बोलत नाही, वाद्यं मधे आणतो, असं तिचं म्हणणं. ‘व्हायोलिनं जुळवा’ म्हणजे आधी तुमच्यात एकमत करा, मग आमच्याशी बोला. ‘कोमल स्वर लावणं’ म्हणजे जरा मवाळ घेणं. असा वाक्प्रयोग तीन वेगळ्या पत्रांत सापडला, तरच त्याचं कार्ड तिच्या पत्र्याच्या डब्यात जायचं.

डबा रोज पर्समधून घर ते ऑफिस. एकदा तिला कार्डांचा क्रम बदललेला दिसला. मग एक कार्ड दोन दिवस गायब होऊन परत आलं. आत्याचं डोकं फिरलं. शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका हंगामी होती आणि भाषांतराच्या परीक्षेला बसणार होती. “दिसायला गरीब गाय, पण आतल्या गाठीची आहे,” आत्या मला म्हणाली.

तिने सापळा लावला. नवं कार्ड लिहिलं, नेहमीसारखं वर फ्रेंच आणि खाली मराठी: ‘ढोलावर झाकण ठेवणं, म्हणजे घरातलं भांडण चारचौघांत न नेणं.’ सगळं मनाचं. कुठल्याही फ्रेंच माणसाने जन्मात असं म्हटलं नसेल. तीन दिवसांनी तेही कार्ड नाहीसं झालं. शुक्रवारी आत्याने साहेबांकडे लेखी तक्रार दिली. टंकलेखिकेला सोमवारी खुलासा द्यायचा होता, आणि तिची नोकरी जाणार हे उघड होतं.

रविवारी मी आत्याकडे जेवायला गेले. आतोबा, म्हणजे तिचा नवरा, निवृत्त बसचालक. त्यांनी न विचारता जुना पंखा विकला म्हणून आत्या माझ्यादेखत त्यांच्यावर घसरली. आतोबांनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि अडखळत फ्रेंचमध्ये काहीतरी वाचलं. मग म्हणाले, “ढोलावर झाकण ठेव गं. पोरगी बसलीय.”

आत्याच्या हातातला घास हातातच राहिला.

“तू आंघोळीला गेलीस की डब्यातलं एकेक कार्ड उतरवून घेतो,” आतोबा लाजून म्हणाले. “कधी परत ठेवायचं राहतं. तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं ना. चुकलं का?”

“नाही,” आत्या म्हणाली. “बरोबर आहे.”

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या बाईला घरातल्या माणसाकडे बघायचं सुचलं नव्हतं. मला तिचा भयंकर राग आला.

पुढचं तिनेच मला सांगितलं. सोमवारी तिने साहेबांसमोर चूक कबूल केली, तक्रार मागे घेतली आणि डबा टंकलेखिकेच्या टेबलावर ठेवला. “हा इथेच राहू दे. तुला परीक्षेला लागेल.”

टंकलेखिकेने डब्याला हात लावला नाही.

“आधी मोजून घ्या,” ती म्हणाली. “माझ्यासमोर.”