एका मुलामागे दोनच मोठी माणसं

सगळी गल्ली तिला कडकमावशी म्हणायची. इस्त्री कडक, आणि जीभ त्याहून कडक. बत्तीस वर्षं एकाच टेबलापाशी उभं राहून तिनं लोकांचे कपडे सरळ केले, आणि त्यावरच बाप नसलेल्या पोराला शिकवून साहेब केलं. हा पोरगा आपल्याशी खोटं बोलेल, असं कुणी म्हटलं असतं तर तिनं म्हणणाऱ्याच्या अंगावर पाण्याचा तांब्या रिकामा केला असता.

ईस्टरला सार्वजनिक बागेत लहान मुलांसाठी कार्यक्रम असायचा, अगदी फुकट. झाडाझुडपांत रंगीत अंडी लपवलेली असायची, मुलांनी टोपल्या घेऊन ती शोधायची. चार वर्षांच्या नातीबरोबर अंडी शोधायची, महिनाभर मावशीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. पण लेकानं सांगितलं की एका मुलामागे दोनच मोठी माणसं आत सोडतात. म्हणजे तो आणि सूनबाई. मावशी हिरमुसली, पण नियम म्हणजे नियम. वर लेकानं इस्त्रीला आणून दिलेल्या नातीच्या फ्रॉकच्या झालरी तिनं इस्त्रीच्या टोकानं एकेक करून उठवून दिल्या.

कार्यक्रमाच्या सकाळी बागेतला कार्यक्रम बघणारी बाई स्वयंसेवकांचे सदरे न्यायला आली, तेव्हा मावशीनं सहज विषय काढला. बाई हसायलाच लागली. असा कसला नियम, म्हणाली, अख्खं घर घेऊन या की.

मावशीला लेकाची कीवच आली. बिचाऱ्याला कुणीतरी भलतंच सांगितलं! इस्त्री बंद केली, चपला अडकवल्या आणि ती बागेकडे सुटली.

फाटकातून आत शिरते तो समोरच लेक. शेजारी सूनबाई. सूनबाईचे आईवडील, बहीण, बहिणीचा नवरा, सगळे सतरंजीवर ऐसपैस. नातीच्या टोपलीत अंडं ठेवत होती ती दुसरी आजी. दोनच माणसं म्हणे! मेल्या, मोजता येईल इतकं तरी शिकवलं होतं रे तुला. पोटच्या पोरानं तिला फसवलं होतं, तेही असं हसत हसत फ्रॉक इस्त्रीला देऊन.

तिला बघून लेकाचा चेहरा उतरला. तिथंच, व्याह्यांदेखत त्याचे वाभाडे काढावेत, असं तिला वाटलं. शब्द अगदी जिभेवर होते. तेवढ्यात नात धावत आली आणि तिच्या गुडघ्यांना बिलगली.

"आजी, तुझा पाय बरा झाला? बाबा म्हणाले, तुझा पाय खूप दुखतो, तुला चालताच येत नाही."

मावशी धडधाकट पायांवर उभी होती. म्हणजे आईला एक थाप, पोरीला दुसरी. तिनं लेकाकडे पाहिलं. तो घाबरून पोरीकडे बघत होता.

"अजून दुखतोय गं बाळा," मावशी म्हणाली. "बाबा खरं बोलले."

तिनं नातीचा पापा घेतला आणि ती वळली. फाटक बरंच लांब होतं. पोर मागून बघत असणार, म्हणून तिथपर्यंत ती लंगडत गेली.