पिशवी म्हणायचं नाही

"कसली पिशवी, ताई? भाजीची?"

डॉक्टर माईकवर असं बोलले आणि अख्खा हॉल हसला. मी उभी होते. माझा प्रश्न अजून अर्धाच झाला होता. पिशवी काढलेल्या बायकांची बातमी करताना त्यांचे रिपोर्ट कसे तपासायचे, कुणाला दाखवायचे, एवढंच मला विचारायचं होतं.

"पत्रकार आहात ना? मग गर्भाशय म्हणा. एवढंही येत नसेल तर इथं शिकणार काय?"

पुन्हा हशा. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते आमचे सर. आमच्या पेपरचे मुख्य बातमीदार. शेजारच्याच खुर्चीत होते. माझी बाही ओढून म्हणाले, "बस खाली. अब्रू घालवतेस पेपरची."

मी बसले. व्हय, बसले. डॉक्टरचा राग नंतर आला, आधी लाज वाटली. स्वतःचीच. शाळेत बाई असंच करायच्या. मी 'व्हय' म्हणलं की वर्गाला हसवायच्या, मग शिकवायच्या. आधी हसणं, मग शिकवणं, हा क्रम काही बदलला नाही.

चिकलठाण्याला, विमानतळाजवळच्या हॉटेलात आरोग्य पत्रकारांची कार्यशाळा होती ती. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आम्हाला विचारा. ऑफिसात शिकवतं कोण? आरोग्याची बीट म्हणजे सरकारी दवाखान्यात जायचं, प्रेसनोट आणायची, रक्तदान शिबिराचा फोटो टाकायचा. रिपोर्ट वाचायचा कसा, डॉक्टर थापा मारतोय हे ओळखायचं कसं, हे ठेचा खात शिकायचं. अशा ठिकाणी जायला मी कितीदा विचारलं. सर म्हणायचे, "तिथं इंग्रजी लागतं गं." दरवेळी दुसऱ्याचीच वर्णी. यावेळी एकाचं ऐनवेळी रद्द झालं म्हणून माझं नाव घुसलं.

आणि तिथं एक फेलोशिप मिळणार होती. एकच. सहा महिने एका विषयावर काम करायचं. हाताशी जाणकार डॉक्टर, पाठीशी वकील. मला ती पाहिजे होती. लई पाहिजे होती.

कारण बातमी माझ्याकडं होती. मी शेंद्र्याची. गाव एकीकडं आणि आमची वस्ती एकीकडं. वस्तीतल्या बायका कंपन्यांत झाडलोट करतात. पोटात दुखतं म्हणून एका खाजगी दवाखान्यात जायच्या आणि पिशवी काढून यायच्या. एक नाही, दोन नाही, गल्लीच्या गल्ली. पस्तिशीच्या आतल्या बाया! मंगलमावशी आमच्या शेजारची, तिचीही पिशवी काढलेली. आता तिला कंपनीचा जिना चढवत नाही. अंगाची आग होते, हाडं ठणकतात. नवरा म्हणतो, नाटकं करती. तिनं मला सगळं सांगितलं आणि वर बजावलं, "पोरी, तू घरची हायेस म्हणून बोलले. दुसऱ्या कुणाला आणलंस तर दार उघडायची नाय."

जेवणाच्या सुट्टीत पुण्याच्या मॅडम आल्या, माझ्या बातमीचं सगळं विचारून घेतलं. कार्यशाळा त्यांचीच, फेलोशिपही त्यांच्याच हातात.

"पूर्ण नाव काय तुमचं?"

पूर्ण नाव म्हणजे आडनाव. आमच्यात हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. तिथून पुढं मी 'तुम्ही'ची 'तू' झाले.

"विषय फार छान आहे तुझा. पण लिहायला तुला झेपायचा नाही. फेलोशिप आपण निखिलला देऊ. तू त्याला त्या बायकांकडे घेऊन जा. तुझ्याशी बोलतात ना त्या? शेवटी आभारात तुझं नाव टाकू."

निखिल बाजूलाच गुलाबजाम खात होता. इंग्रजी पेपरातला, वकिलाचा मुलगा. माणूस वाईट नाही. पण जालना रोडनं जाताना शेंद्र्याला कधी खाली उतरला नाही. आयत्या बिळावर नागोबा! "जाऊ ना आपण? गाडी माझी," म्हणाला. मोठा उपकार.

सर कानाशी लागले. "हो म्हण. एरवी विचारतंय कोण तुला?"

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. आभारात का होईना, नाव येईल. दोन गोष्टी शिकायला मिळतील. तोंडात शब्द आला होता.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून तेच डॉक्टर बोलताना ऐकू आले. सोबतच्यांना रंगवून सांगत होते. "खेड्यातल्या बाईला गर्भाशय काय कळणार हो! मी आपलं सरळ सांगतो, बाई, तुझी पिशवी खराब झालीय. लगेच तयार होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट खाली ठेवलं. मॅडमना म्हणलं, "मी नाही नेणार कुणाला."

"विचार कर," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. माझं 'नाही' त्यांना ऐकूच आलं नाही. दुपारी व्यासपीठावरून त्यांनी निखिलचं नाव जाहीर केलं, आणि त्याची मदतनीस म्हणून माझं. टाळ्या झाल्या. मी उभी राहिले. माईक कुणी दिला नाही. नको होता.

"मी मदतनीस नाही. त्या बायकांनी मला सांगितलं, त्यांच्या दारात मी कुणाला उभं करणार नाही. आणि डॉक्टरसाहेब, पिशवी हा शब्द आम्ही घरून नाही आणला. तुमच्यासारख्यांनीच दिला. पिशवी सडलीय, काढली नाही तर कॅन्सर व्हईल, असं म्हणतात आमच्या बायांना. कापताना पिशवी चालते. आम्ही विचारायला लागलो की गर्भाशय पाहिजे. का?"

कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. डॉक्टर मोबाईल बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "चहा घेऊ या."

बाहेर सर म्हणाले, "उद्यापासून आरोग्य सोड. वाढदिवस आणि निधन वार्ता कर." बोलले तसं केलंही. आता रोज कुणाचा तरी वाढदिवस लिहिते, कुणाचं तरी मरण लिहिते. निखिलचा फोन आला होता, निदान गल्ली तरी सांग म्हणून. नाही सांगितली.

शिकायचं मला अजूनही आहे. मोबाईलवर फुकटचे वर्ग बघते, इंग्रजी रिपोर्ट अडखळत वाचते. कळलं नाही तर विचारते, आणि माझ्याच शब्दांत विचारते. पुढची कार्यशाळा होईल तेव्हा तिथंही जाईन. शिकवणं हा काही उपकार नाही, की बदल्यात माझी माणसं द्यावीत. सुट्टीच्या दिवशी वस्तीत फिरते. बाया बोलताहेत. बातमी पुढं सरकतेय. आमचा पेपर छापणार नाही, हे पक्कं. दुसरा छापेल का, माहीत नाही.

परवा मंगलमावशीनं विचारलं, "आमच्या पिशव्या काढणारा तो डॉक्टर लई मोठा माणूस हाय. तुझी नोकरी गेली तर?"

"जाऊ दे," म्हणलं. "मावशे, नाव तुझं झाकीन. त्याचं झाकणार नाय."