नानांच्या तीन अळ्या

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा पाळी संपवून मी पलसाण्याच्या मिलमध्ये हायड्रोने हात चोळत होतो. कापडाचा रंग त्या पावडरीशिवाय हातावरून निघत नाही आणि तिचा वास मग नुसते हात धुऊन जात नाही. नाना आमचे रंगमास्तर. खानदेशातून आलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनीच कामाला लावलं. कापडाची छटा नुसत्या नजरेने जुळवणारा हा माणूस रविवारी डांगच्या जंगलात जायचा, तो फक्त नीलवंत फुलपाखरू बघायला. काळ्या पंखांवरचा तो निळा आपल्याला जन्मात जमला नाही, असं म्हणायचे. आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली.

यंदा डांगमधल्या त्यांच्या नेहमीच्या ओढ्याकाठचं रानलिंबांचं दाट रान रस्त्यासाठी तुटायला लागलं. नीलवंताची मादी अंडी घालते ती त्याच झाडांवर. नानांनी ज्याला त्याला विनवलं, पण कोण ऐकतंय? शेवटी पडलेल्या फांदीवरच्या तीन बारक्या अळ्या डब्यात घालून शहरात पर्वत पाटिया भागातल्या आपल्या घरी आणल्या आणि गॅलरीतल्या कुंडीतल्या लिंबावर सोडल्या. कामावरून आले की आधी आंघोळ, मगच कुंडीला हात. मला वाटायचं, म्हातारपणी भक्ती सुचली...

मग नाना आजारी पडले, आणि दवाखान्यात हलवताना त्यांनी कुंडी माझ्या हवाली केली. एका फांदीची पानं संपली की अळ्या अलगद दुसरीवर ठेवायच्या, एवढंच सांगायची ताकद उरली होती. मी मिलमधून आलो की ते काम आधी उरकायचो. चौथ्या दिवशी तिन्ही मरून पडल्या. आठव्या दिवशी भेटायला गेलो, तर नानांनी पहिल्यांदा त्यांचीच चौकशी केली. खरं सांगवेना, म्हणून खोटंच सांगितलं.

"नाना, फुलपाखरं व्हईसन उडी गयात."

ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झायं, भाऊ."

दहाव्याला त्यांची मुलगी बोलता बोलता सांगून गेली, की अळीचं फुलपाखरू व्हायला महिना तरी लागतो, आणि हायड्रोचा हात लागला तर ती जगत नाही, म्हणून नाना आधी आंघोळ करायचे. मी ताटावरून उठलो. त्यांना सगळं कळलं होतं, आणि आता माफी मागायला माणूसच नाही.

कुंडी माझ्या गॅलरीत आहे. लिंबू छान फुटलंय. शेजारी येतात, एकाही पानाला भोक नाही म्हणून माझं कौतुक करतात.