बंद भट्टीची ऊब

भट्टी बंद होती आणि खोली गरमच होती.

मी पुन्हा तपासलं. भट्टीत कोळसा नाही, बटण बंद, बाहेर सगळीकडे बर्फ. खेळातलं घड्याळ पळवून मी बरेच दिवस पुढे नेले. भट्टीचं तापमान तसूभरही उतरलं नाही. खोलीतली माणसं निवांत जेवत होती.

मी कोल्हापुरात, कळंब्याच्या रस्त्यावर एका छोट्या गेम कंपनीत टेस्टर आहे. प्रोग्रामरने लिहिलेलं कुठे मोडतं ते शोधायचं, हे माझं काम. आमचा गेम एका वसाहतीचा. बर्फाच्या ग्रहावर, जमिनीखाली काही माणसं राहतात. त्यांच्यासाठी हवा, पाणी, अन्न आणि ऊब यांची सोय खेळणाऱ्याने करायची. सोय चुकली की माणूस मरतो. मेलेला परत येत नाही.

संदीप सर कंपनीचे मालक आणि लीड प्रोग्रामरही. उष्णतेचं गणित त्यांनीच लिहिलेलं. मी त्यांना बोलावून भट्टी दाखवली. ते बराच वेळ कोड चाळत बसले. कारण अगदी साधं निघालं. भट्टी क्षणाक्षणाला थोडी उष्णता हवेला देते. हवा हलकी, ती लगेच तापते. भट्टी दगडाची, अवजड. तिचं तापमान त्या क्षणात इतकं कमी उतरायचं की प्रोग्राम ती घट शून्यच धरायचा. हवेला मिळत होतं, भट्टीचं काहीच जात नव्हतं.

दशांशाची घरं वाढवली की प्रश्न मिटणार होता. मी सरांना म्हटलं की खेळणाऱ्यांच्या जुन्या वसाहती या चुकीवरच चालत असतील, लोकांना आधी सांगूया. त्यांना पटलं नाही. या युक्तीचे व्हिडिओ इंटरनेटवर फिरत होते.

"भट्टी बंद ठेवून जो ऊब घेतोय, त्याला आपण काय करतोय ते माहीत आहे," ते म्हणाले. "कोळसा आणेल की तो."

मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. अपडेट गेलं. सोबतच्या टिपेत एक ओळ होती, 'तापमानाच्या गणितात सुधारणा'.

शिव्या आल्या, तशा येतातच. हळूहळू थांबल्याही. मग एके दुपारी एक गृहस्थ लॅपटॉपची बॅग छातीशी धरून ऑफिसात आले. तानाजीराव, गारगोटीत कापडाचं दुकान. इतकी वर्षं या कामात आहे, पण आमचा गेम खेळणारा माणूस मी पहिल्यांदाच समोर बघत होते.

"म्याडम, आमची माणसं गारठून मेली," ते म्हणाले. "कुणाला इच्चारायचं कळंना, म्हणून आलो."

वसाहत त्यांच्या धाकट्या भावाची होती. दत्ता टायपिंगचा क्लास चालवायचा. त्याने आमच्या गेममध्ये अख्खी गल्ली वसवली होती. खेळातल्या प्रत्येकाचा चेहरा, चाल, सवयी बघून गल्लीतल्या माणसांची नावं दिली होती. मग त्याला पक्षाघात झाला. वाचा गेली. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. कशातच लक्ष घालायचा नाही, फक्त या खेळाकडे बघायचा. म्हणून तानाजीराव साठीला आल्यावर माऊस धरायला शिकले. दुकान बंद करून आले की दत्ताच्या पलंगाला टेकून बसायचे आणि एकेक विचारायचे. बोट उचललं की हो.

"कोळसा कवाच संपलेला," ते म्हणाले. "कुठं खणायचा मला येत न्हाय. भट्टी बंद हाय आणि खोली गरम हाय, म्हटलं दत्त्यानं काय तरी करून ठेवलं असंल. मी त्याला हात लावला न्हाय."

सर त्यांच्या टेबलाशी होते. त्यांनी मान वर केली नाही.

लॅपटॉप मी ठेवून घेतला. खेळ कुठवर आला ते ज्या फाइलमध्ये साठतं, तिला आम्ही सेव्ह म्हणतो. नव्या आवृत्तीने दत्ताच्या सेव्हवर आपलं लिहून टाकलं होतं. मेलेल्यांची नावं शिल्लक होती, बाकी सगळं पुसलं गेलं होतं. आधीची प्रत कुठेही नव्हती. मी तानाजीरावांना फोन करकरून विचारलं, कोण कसा दिसायचा, कोण कुठे झोपायचा. त्यांना जेवढं आठवलं तेवढं त्यांनी सांगितलं. त्यावरून माणसं नव्याने उभी केली. भट्टीत कोळसा भरला. सर स्वतः बसून मदत करत होते.

लॅपटॉप घेऊन मी गारगोटीला गेले. दत्ता खिडकीजवळच्या पलंगावर होता, माझ्याच वयाचा. तानाजीरावांनी त्याला उशीला टेकवून बसवलं आणि गेम उघडला. माणसं चालत होती, भांडी घासत होती.

"दत्त्या, बघ. ही शांताक्का न्हवं?"

बोट हललं नाही.

"आणि ह्यो बंडू. व्हय की न्हाय?"

दत्ता पडद्याकडे नीट बघत होता. एकेका चेहऱ्यावर त्याची नजर थांबत होती. शेवटपर्यंत बोट उचललं नाही. मग त्याने डोळे मिटले. तानाजीरावांनी थोडी वाट पाहिली आणि लॅपटॉप हळूच बंद केला. मला चहा घ्यायला लावला. निघताना म्हणाले, "तुमी केलंसा की तुमच्या परीनं. त्याला वळखू आली न्हाईत, आता कोण काय करणार."

पुढच्या अपडेटमध्ये सरांनी सोय केली. जुन्या वसाहतीत जुनंच गणित चालेल, खेळणाऱ्याला हवं तेव्हाच बदलेल. मी ते कळवायला गारगोटीला फोन केला. तानाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. दत्ता आता तिकडे बघत नाही म्हणाले, टीव्ही लावून देतो.

हल्ली कुठलीही चूक कळवताना मी खाली एक रकाना जास्तीचा भरते: ही काढली तर कुणाचं काय बंद पडेल. बहुतेक वेळा तिथे 'माहीत नाही' एवढंच लिहावं लागतं.