उन्हातला पाहुणा

देवास सोडलं तेव्हा देवीची टेकडी धुक्यावर तरंगत होती. धारनंतर पठार संपलं, घाट उतरला आणि हवा कोमट झाली. कुक्षीच्या अलीकडे एका शेतातल्या खडकात आमच्या संस्थेने पोलादी खूण ठोकली आहे. नर्मदेच्या खोऱ्यातल्या भ्रंशाजवळ (जमिनीतल्या जुन्या भेगेजवळ) ती खूण वर्षभरात किती सरकली, हे तिच्यावर जीपीएसचा अँटेना उभा करून मोजायचं. तीन दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. एकटीने करायची माझी ही पहिलीच मोजणी.

"मॅडम, जमीन कौनसी भाग रही है, जो पकड़ने आए?" जीपवाले मुन्नाभिया म्हणाले. मी नुसती हसले.

शेत रेशमबाईंचं. त्यांनी पहिल्याच दिवशी बरंच विचारलं. मी मान डोलावत राहिले. अनोळखी माणसासमोर माझे शब्द आतच राहतात. त्यांनी डाळ आणि पानिये (पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या) वाढले. दुपारी कापसावर पांढरं ऊन पसरे. खडकावर आडवी झाले की वाटे, खाली कुणीतरी अगदी सावकाश कूस बदलतंय.

तिसऱ्या दिवशी जेवून आले, तर खडक रिकामा. अँटेना तिवईसकट कडुनिंबाखाली!

"दो दिन से तावड़ा में (उन्हात) खड़ो थो बिचारो," रेशमबाई म्हणाल्या. "पावणो है अपनो."

मोजणी वाया गेली होती. संस्थेतल्या सरांना फोन लावला. 'शेतातल्या बाईंनी हलवला,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"सर, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं."

सर म्हणाले, "मग आधी त्यांना सांग. आणि पुन्हा तीन दिवस."

सांगितलं. अडखळत, हातवारे करत.

"जमीन सरके? तो म्हारो खेत किधर जा रियो है?"

"वही नाप रही हूँ, माय."

त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग खाट ओढून निंबाखाली टाकली. "ये खड़ो रेगो. तू छाया में बैठ." पुढचे तीन दिवस खडकावर चढणाऱ्या बकऱ्या त्यांनीच हाकलल्या.

देवासला परतले तेव्हा टेकडी जागच्या जागी दिसली. मी मात्र तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

"कसं झालं गं?" आईने विचारलं. एरवी मी 'ठीक' म्हणून खोलीत जाते. या वेळी ओट्याला टेकून उभी राहिले, आणि चहा उतू गेला तरी सांगतच होते.