बाबूभाईंचा अर्धा कोर्स

नागभीडच्या बँडात बाबूभाई ट्रंपेट वाजवायचे. वरातीत ते नसले तर नवरदेवाकडची माणसं कुरकुर करायची, आणि ही कुरकुर बाबूभाईंना जेवणापेक्षा गोड लागायची. घर मात्र बायकोच्या, खुर्शीदाच्या शिलाई मशीनवर चालायचं, कारण लग्नसराई काही बारमाही नसते.

दोन हजार तीनच्या दिवाळीच्या सुमाराला बाबूभाईंचा खोकला हटेना. थुंकी तपासली, तर टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, औषधानं पूर्ण बरा होतो. पण सहा महिने एकही खुराक चुकवायचा नाही." गोळ्यांचा डबा गल्लीतल्या अंगणवाडीच्या अंजनाबाईंकडे ठेवला गेला. दिवसाआड तिथं जायचं आणि बाईंसमोर गोळ्या गिळायच्या.

दोन महिन्यांत खोकला थांबला, गालांवर मांस आलं, थुंकीही साफ निघाली. आणि इथंच माशी शिंकली.

"मले आता काई झालं नाई," बाबूभाई म्हणाले. "गोळ्या खाल्ल्या का दिवसभर मळमळते. वरातीत फुंकू कसा?"

"डॉक्टरनं सहा महिने सांगितलं ना? मंग दोन महिन्यात काऊन सोडता?" खुर्शीदानं विचारलं.

"डॉक्टरले बाजा वाजवा लागते का?"

लग्नं सुरू झाली. आज सिंदेवाही, उद्या ब्रह्मपुरी. बाबूभाई अंगणवाडीकडे फिरकेनात, म्हणून अंजनाबाई स्वतः गोळ्या घेऊन दारात येऊ लागल्या.

"बाबूभाई कुठी गेले?"

"तुमचा आवाज आयकला अन् मागच्या कुंपणावरून पळाले," खुर्शीदानं खरं ते सांगून टाकलं. "एवढा मोठा माणूस, गोळीले भिऊन पळते. मी आता काय करू, बाई?"

तिनं सगळं करून पाहिलं. समजावलं, भांडली, मुलीची शपथ घातली, दोन दिवस अबोला धरला. अबोल्यानं बाबूभाईंना आरामच वाटला. शेवटी डबा अर्धाच राहिला.

पुढच्या लग्नसराईत, मूलच्या एका वरातीत, गाणं रंगात आलं असताना बाबूभाईंना ढास लागली. रुमाल लाल झाला. बँडचे मालक गुणवंतराव यांनी त्यांना एसटीत बसवून घरी पाठवलं. रुमाल पाहून खुर्शीदाला आधी राग आला. रडू नंतर आलं, तेही मशीनवर बसल्यावर, कोणाला दिसणार नाही असं.

या वेळी कोर्स आठ महिन्यांचा होता, सुरुवातीला सुयाही होत्या. डॉक्टर म्हणाले, "औषध अजून लागू पडेल. पुन्हा सोडलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"डॉक्टरसाहेब," खुर्शीदानं विचारलं, "यायले दवाखान्यातच बांधून ठेवता येते का?"

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

मग तिनं स्वतःलाच त्यांच्याशी बांधून घेतलं. सुईच्या दिवशी शिवण बाजूला सारून ती दवाखान्यात सोबत जाई. गोळ्यांच्या दिवशी अंगणवाडीत शेजारी बसे.

"तोंड उघडा. जीभ वर करा. हं, आता पाणी प्या."

"मी काय लहान पोरगा हाये का?"

"लहान पोरगं कुंपणावरून पळत नाई."

अंजनाबाई तोंडाला पदर लावून हसू दाबायच्या.

आठ महिने संपले. शेवटच्या तपासणीत थुंकी साफ निघाली. "बरे झालात," डॉक्टर म्हणाले. बाबूभाईंनी घरी येऊन ट्रंपेट काढला, पुसला, ओठांना लावला. चार सूर निघाले आणि दम सुटला. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. आजार गेला, पण त्यानं खाऊन टाकलेला फुप्फुसाचा भाग काही परत येणार नव्हता. खुर्शीदा दारात उभी होती. "मी सांगत होती," हे शब्द तिच्या जिभेवर आले. तिनं ते गिळले आणि चहा ठेवायला आत गेली.

गुणवंतरावांनी बाबूभाईंना झांज दिली. आता ते झांज वाजवतात आणि नव्या ट्रंपेटवाल्याच्या चुका काढतात.

परवा शेजारच्या खुशालला टीबी निघाला. खुर्शीदा चक्कीवरून येत होती, तर बाबूभाई त्याच्या ओट्यावर मांडी ठोकून बसलेले.

"औषध अर्ध्यावर सोडाचं नाई, खुशाल," ते गंभीरपणे सांगत होते. "काई लोक सोडतात. बेअक्कल असतात."

खुर्शीदानं डोक्यावरचा पिठाचा डबा सावरला. बोलायला खूप काही होतं, पण खुशाल लक्ष देऊन ऐकत होता. ती पुढं चालू लागली.